टेडीची मान

रुक्मिणीबाईंनी मण्यांचा टेडी डोक्याला धरून गदागदा हलवला आणि म्हणाल्या, "बघा, कसो घट्ट बांदलेलो आसा तो!" तिसऱ्या हिसक्याला डोकं त्यांच्या हातात राहिलं आणि धड खाली पडलं. मागोमाग पिवळे मणी कारापूरच्या त्यांच्या घरभर पसरले. समोर स्वयंसाहाय्य गटाच्या सात बायका बसल्या होत्या. सगळ्या खाली वाकून मणी वेचायला लागल्या.

त्यांची सून समीक्षा चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिली. पाच महिन्यांपूर्वी ती पार्से गावाहून लग्न होऊन इथं आली, तेव्हा हा टेडी तिच्या रुखवतात होता. वीतभर उंच, गुबगुबीत, मागून-पुढून मणीच मणी आणि पोटात कापूस. पुढ्यात पाटी होती, 'वधूने स्वहस्ते केलेला'. वधूने स्वहस्ते केली होती ती फक्त पाटी. टेडी वाळपईच्या एका काकणांच्या दुकानातून आला होता.

रुखवतातली पाटी वाचून मान डोलवायची आणि जेवायला जायचं, असा रिवाज आहे. पाटी खरी की खोटी, हे कोणी विचारत नाही. रुक्मिणीबाईंना विचारायची गरजच वाटली नाही. दोडामार्गाहून सून म्हणून त्या आल्या तेव्हा त्यांच्या रुखवतातली एकूण एक वस्तू त्यांनी स्वतः केली होती, त्यामुळे पाटीवर खोटं लिहिता येतं हेच त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. त्यांनी टेडी शोकेसमध्ये मधोमध ठेवला. पाहुण्यांना दाखवला, गॅसवाल्याला दाखवला, म्हशीला सुई टोचायला आलेल्या डॉक्टरांनाही दाखवला.

समीक्षा पहिल्याच आठवड्यात खरं सांगणार होती. मग श्रावण झाल्यावर सांगू, मग चवथीचे गणपती झाल्यावर सांगू, असं करत राहून गेलं. सासू खाष्ट असती तर तिने केव्हाच सांगून टाकलं असतं. पण "माझी सून" म्हणताना त्या बाईचा चेहरा असा उजळायचा, की सांगायला आलेली समीक्षा भाजी चिरायला बसायची. आणि गेल्या महिन्यात गटात ठराव झाला, की समीक्षाने सगळ्यांना मण्यांचा टेडी शिकवायचा. ठराव एकमताने मंजूर झाला. समीक्षाचं मत तेवढं घ्यायचं राहिलं. आज त्या वर्गाचा पहिला दिवस होता.

"बरा झाला सुटलो तो," रुक्मिणीबाई म्हणाल्या. त्यांनी वेचलेले मणी ताटात घालून सुनेपुढे ठेवले. सुई ठेवली, तंगुसाचं, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याचं, रीळ ठेवलं. "बस गो. आता मानेपासूनच शिकव."

समीक्षाने ट्रे खाली ठेवला आणि ती बसली. तिने तंगूस तोडला. तो सुईत ओवायचा, की सुईशिवायच चालवायचा, इथूनच प्रश्न होता. तिने एक मणी उचलला, खाली ठेवला, दुसरा उचलला. शेजारच्या शेवंतीकाकी वही-पेन घेऊन आल्या होत्या. त्यांनी चष्मा सावरला आणि विचारलं, "पयलो मणी खंयचो घेवचो?"

समीक्षाने ताटाकडे पाहिलं. मग सासूकडे पाहिलं.

"माका ठावक नाय," ती म्हणाली. "आई, तो मी केलेलो नाय. वाळपयच्या दुकानातसून इकत हाडलेलो. पाच म्हयने मी तुमका फसयतंय."

शेवंतीकाकींनी पेनाला टोपण लावलं. रुक्मिणीबाईंच्या हातात टेडीचं डोकं होतं. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. "चा निवता," एवढंच म्हणाल्या. समीक्षाला वाटलं, यांनी ओरडावं, एकदाचं काहीतरी बोलावं. पण त्या डोक्यातून लोंबणारा कापूस बोटाने आत सारत राहिल्या आणि चहाला कोणी हात लावला नाही.

दारात तिचा नवरा संदीप उभा होता. खाणीवर टिपर, म्हणजे खनिजाचा ट्रक, चालवून आलेला, भुवयांपर्यंत लाल माती. कधीपासून उभा होता कोण जाणे. तो न्हाणीत गेला, हात कोपरापर्यंत धुऊन आला आणि बायकांच्या मधोमध मांडी घालून बसला. समीक्षाने मान खाली घातली. आता हा काय बोलेल, याचीच तिला सगळ्यात जास्त भीती होती.

संदीपने आईच्या हातातून डोकं घेतलं. सुई बाजूला सारली. पाच मणी तंगुसात घेतले, दोन्ही टोकं शेवटच्या मण्यातून उलटसुलट काढली आणि कचकन ओढली. फूल झालं. त्याच्या शेजारी दुसरं, मग तिसरं. टिपरचे टायर बदलणारी ती बोटं एकदाही अडखळली नाहीत. गळ्यात चिमूटभर कापूस कोंबून त्याने डोकं धडाला ओवलं, गाठ मारली आणि टोक दातांनी तोडलं. टेडी ताटात उभा राहिला. सात बायका आ वासून बघत होत्या.

"तू खंय शिकलंस ह्या?" रुक्मिणीबाईंचा आवाज एकदाचा फुटला.

"खाणी बंद होत्यो तेव्हा. आता गाडी भरूक रांगेत तीन-तीन तास बसूचा लागता, तेव्हा करतंय. लोक हसतीत म्हणान सांगूक नाय कोणाक. दुकानात नेवन दितंय."

"खंयच्या दुकानात?" समीक्षाने विचारलं.

"वाळपयच्या."

समीक्षाने टेडीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. संदीपचे कान मातीपेक्षा लाल झाले होते.

"मांडवातच वळाकलंय," तो म्हणाला. "पयला कोण बोलता, ह्येचीच वाट बघी होतंय."