श्रावणातलं पिल्लू

या, जरा जवळ सरकून बसा; नार्वे गावातल्या भुऱ्या नावाच्या कुत्र्याच्या पिल्लाची गोष्ट सांगायची आहे.

शेवंताकाकींच्या घरी श्रावणभर मासळी उंबरा ओलांडत नाही, आणि भुऱ्या आला तो नेमका श्रावणात. नुसत्या दूधभातावर त्याचे पाय वाकू लागले, तेव्हा गुरांचे डॉक्टर काकींच्या सुनेला, मनीषाला, म्हणाले, "मोठा कुत्रा महिनाभर कसाही निभावेल, वाढत्या हाडांना अंडं, मासळी हवीच." काकींनी मात्र बजावलं, "घरात नुस्त्याचा, मासळीचा वास आला, तर पिल्लू जिथून आणलं तिथे परत!"

संध्याकाळी काकी देवळात कीर्तनाला गेल्या. मनीषाने शेजारणीकडून उकडून घेतलेली तारली ओढणीआड लपवली आणि गोठा गाठला. भुऱ्या लडखडत पुढे आला. तिने मासा त्याच्यापुढे धरला, तोच मागून हाक आली, "मनीषा!"

दारात काकी उभ्या. जन्मात कधी कीर्तन अर्ध्यावर न सोडणाऱ्या काकी!

"आई, एवढी चूक पोटात घाला. त्याला परत नका पाठवू."

"आधी ती तारली मागे घे. काट्यांसकट घालतात काय गो पिल्लाला?"

 

काकींनी पदराखालची वाटी पुढे केली. "हे घाल, काटे काढून आणलंय. आणि गोठा काही घरात धरत नाहीत!"

मंडळी, श्रावणात देवापुढे हात जोडाल, तेव्हा आमच्या शेवंताकाकींचीही आठवण असू द्या.