वर थांबणारा

“हा रबरी सूट इथल्या हवेत मेला वाळतच नाही,” वसुधा बाल्कनीत पुटपुटली.

आत माधव सिंगापुरातल्या वुडलँड्स भागातल्या मित्रांना न्यूझीलंडच्या सागरी अभयारण्याची गोष्ट रंगवून सांगत होता. “श्वास रोखून एकाने खाली जायचं, दुसऱ्याने वरून नजर ठेवायची. ही खाली बेशुद्ध पडली! पण पाणी गढूळ होतं हो, आपल्या सिंगापूरसारखं. मला दिसलीच नाही. नशीब, इन्स्ट्रक्टरने ओढून काढली.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या दिवशी बोटीवर असलेला प्रबोध तेवढा ताटलीत बघत बसला.

वसुधाने आत येऊन माधवला गरम भजी वाढली.

“पाणी काचेसारखं होतं, माधव. शुद्ध जायच्या आधी मी वर बघितलं. तू माझ्याकडेच बघत होतास.”