हात नसलेला सोफा

"घर म्हणजे भिंती नव्हेत. घर म्हणजे माणसांना कवेत घेणारी मिठी!" वाघोलीतल्या त्या नव्याकोऱ्या हॉलच्या मधोमध उभं राहून इंटिरियर डिझायनर प्रज्ञेशनं हे जाहीर केलं, तेव्हा त्या मिठीनं बाबुरावांना कमरेपर्यंत गिळलं होतं आणि ती काही सोडायला तयार नव्हती.

प्रज्ञेश हे उभ्यानंच बोलत होता. आपण केलेल्या सोफ्यावर तो स्वतः संध्याकाळभर एकदाही टेकला नाही, हे बाबुरावांच्या ध्यानात आलं. जरा उशिरा आलं.

सोफा मऊ होता, बसका होता आणि त्याला हात नव्हते. हातांमुळे शेजारी बसलेली माणसं तुटतात, असं प्रज्ञेशचं म्हणणं. पाहुण्यांना मोकळं वाटावं म्हणून टीपॉय पार खिडकीपाशी सरकवला होता. धरायला भिंत म्हणावी, तर हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली जवळची तेवढी एक भिंत पाडली होती. बाबुरावांची जुनी वेताची खुर्ची खाली वॉचमनला देऊन टाकली होती. तो हल्ली कुणी आलं की तिच्यातून चटकन उठून सलाम करायचा.

बाबुरावांनी मघाशी गुपचूप प्रयत्न करून पाहिला होता. तळवे टेकून जोर लावावा, तर तळवेच मनगटापर्यंत आत. गुडघे वर, बाकीचे बाबुराव खाली.

भीती सोफ्याची नव्हती. गेल्या महिन्यात बसमधून उतरताना त्यांचा पाय सटकला, तेव्हा मुलानं, रविराजनं, अगदी शांतपणे सांगून ठेवलं होतं, "बाबा, पुन्हा तुम्हाला उठायबसायला आधार लागलेला दिसला, तर एकट्यानं मंडईत जाणं बंद. सांभाळायला माणूस ठेवू." रविराज ओरडला असता तर बाबुराव भ्याले नसते. दर गुरुवारी बस पकडून मंडईत जायचं, पाव किलो वांग्यांसाठी आनंदीबाईशी यथेच्छ भांडायचं आणि शेवटी तिच्याकडूनच वांगी घेऊन परतायचं, एवढंच आता त्यांचं स्वतःचं उरलं होतं. वांगी काय, सोसायटीच्या दारातही मिळत. पण तिथली पोरगी भाव सांगून मोबाइलमध्ये बघायची. भांडायची सोय नव्हती.

आणि माणूस ठेवायची कल्पना ज्यांची, ते व्याही जयसिंगराव त्यांच्या डाव्या हाताला बसले होते. निवृत्त फौजदार. रोज पहाटे पर्वती चढत आणि मग दिवसभर ती लोकांना चढून दाखवत.

"माझ्या ओळखीचा आहे एक माणूस," जयसिंगराव म्हणाले. "धरून फिरवतो. आंघोळसुद्धा घालतो."

"आंघोळ मला येते. लहानपणीच शिकलोय."

"आत्ता येते हो. उद्याचं कुणी बघितलंय?" जयसिंगरावांनी सावकाश बाबुरावांच्या गुडघ्यांकडे पाहिलं. चोराची चप्पल बघून चोर ओळखणारी नजर ती. बाबुरावांनी गुडघ्यांवर उपरणं ओढलं.

तेवढ्यात सून, म्हणजे जयसिंगरावांची लेक अपेक्षा, काउंटरपलीकडून म्हणाली, "आप्पा, कॉफी इथं ठेवलीय, या ना! सगळे इथंच आहेत."

"इथंच आणून दे गं. व्याह्यांना एकटं टाकून कसा येऊ?"

म्हणजे पहारा बसला. बाबुरावांच्या कपाळावर घाम आला.

आणि घंटा वाजली.

घर नवं केल्याबद्दल घातलेल्या सत्यनारायणाची आरती. इतका वेळ बाबुरावांना ती आठवलीच नव्हती. सगळा हॉल एकदम उभा राहिला. पोरं उभी राहिली, त्यांच्या हातातले फोन उभे राहिले, तंगडी मोडलेली मावशी काठीवर उभी राहिली. मधली भिंत नसल्यानं जिथं उभं राहावं तिथून सोफा स्वच्छ दिसत होता. ही प्रज्ञेशचीच योजना. घरातल्या कुठल्याही कोपऱ्यातून घरातलं प्रत्येक माणूस दिसलं पाहिजे.

पूजेपाशी निरांजन ओवाळता ओवाळता रविराजनं मान वळवली. त्याची नजर माणसांवरून सरकत सोफ्याकडे यायला लागली.

बाबुरावांनी होता नव्हता तो जोर एकवटला. पुढे झुकले. सोफ्यानं एक उसासा सोडला आणि त्यांना होते त्याहून खोल घेतलं. आनंदीबाईचा चेहरा, वांगी, बसचा दांडा, सगळं एका झटक्यात लांब गेल्यासारखं वाटलं. मग त्यांनी एकच गोष्ट केली. डोळे घट्ट मिटले, मान वर केली आणि भान हरपल्यासारख्या जोरजोरात टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

"बाबा किती तल्लीन झालेत बघ," कुणीतरी कुजबुजलं.

बाबुरावांनी टाळ्यांचा जोर वाढवला. भक्ती जरा कमी पडली तर घात होता. आरती संपली की पुढे काय, हा विचार मनात आला. देवाकडे त्यांनी मनोमन एवढंच मागितलं, की आरती संपवू नकोस.

अशात त्यांच्या कानांना काहीतरी चमत्कारिक जाणवलं. बाकीच्यांच्या टाळ्या वरून येत होत्या. डावीकडच्या मात्र अगदी कानाच्या उंचीवरून.

त्यांनी एक डोळा किलकिला केला.

शेजारी जयसिंगराव. गुडघे वर, मान आकाशाकडे, डोळे घट्ट मिटलेले. मिशांवर घाम. टाळ्या अशा वाजवत होते, जणू गणपतीतली मिरवणूक पांगवायची असावी.

आरतीचं शेवटचं कडवं सुरू झालं. सगळ्यांचा आवाज चढला. त्या आवाजाच्या आडोशानं, डोळे न उघडता, ओठ जेमतेम हलवत फौजदारसाहेब म्हणाले, "बाबुराव, पोरीला कळू न देता जरा हात देता का?"