पाळण्यातला माईक

"नकुशा, हल्लीची इरावती, आत या," हॉलच्या दाराने खणखणीत हाक मारली. बारशाला जमलेल्या बायका खुदखुदल्या.

इरावतीने नाव केव्हाच बदललं होतं. पण ब्लॉकचेनवर एकदा चढलेलं नाव खोडता येत नाही, त्याखाली नवं तेवढं जोडता येतं. आणि दारं पहिल्यापासून वाचतात.

"वन्सं, स्पृहाच म्हणा हं," तिने नणंदेला पुन्हा बजावलं.

"म्हणते गं." नणंदेने भावाच्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग ती त्याच्या तिसऱ्या मुलीच्या कानाशी वाकली.

पाळण्यातल्या माईकचा दिवा हिरवा झाला. त्याने ब्लॉकचेनवर चढवलेलं नाव दाराने वाचून दाखवलं, "नकुशा."

"आता पुढचा मुलगाच होईल, दादा," नणंद म्हणाली. मग इरावतीकडे वळली. "रडतेस काय वहिनी? खाली स्पृहा जोडता येईलच की."