लांब दांड्याचं मशीन

पिंपात थुंकायचं तेवढं राघोनं बाकी ठेवलं होतं.

मुरबाडच्या पेठेत दुकानामागे पाण्यानं भरलेलं पिंप, त्याच्या काठाला अडकवलेलं होडीचं मशीन, धुराचा लोट, आणि भोवती माना डोलावणारी गावची चार शहाणी माणसं. लढाई संपली तसा लष्कराच्या छावणीतला माल विकायला निघाला होता. त्यात होडीला मागून लावायची ही दोन मशीनं होती. त्यातलं एक निवडायला जयराम पाटलांनी नेमकं राघोला बैलगाडीत घालून आणलं होतं.

जन्मभर काळू नदीवर वल्हं मारलं राघोनं. होडी गावाची, पण चालवायचा मान त्याच्या घराण्याचा. त्याबद्दल दर सुगीला घरटी सूपभर भात. यंदा मात्र एकाही खळ्यावर त्याच्या पोत्यात दाणा पडला नव्हता. पाटील तर दुसरीकडेच बघत म्हणाले होते, "यंदा नाय रे राघो, पुढं बघू." घरी येऊन त्यानं शिव्यांची लाखोली वाहिली, तर बायको सुंदरा चुलीपुढे बसून गालात हसत होती. घरचं माणूसच असं, तर गावाला काय बोलायचं? त्या दिवशी तो जेवला नाही.

मग पाटलांचा पुतण्या नथू आला. छावणीत मोटारी दुरुस्त करायला शिकलेला. देवळापुढे मशीनच्या गोष्टी चालायच्या आणि राघो दिसला की सगळे मुकाट व्हायचे. म्हणजे पोरगा होडीवर बसणार आणि राघो घरी. एवढं न कळायला तो काय दूधखुळा होता?

गेल्या पावसाळ्यापासून त्याचा उजवा खांदा वर जात नव्हता. वल्हं तो डाव्या हातावर रेटायचा आणि दात आवळून हसायचा. कुणाला म्हणून पत्ता लागू दिला नव्हता त्यानं. आणि आता त्याच्याच हातानं त्याच्याच पोटावर पाय द्यायला लावत होते, मेले!

"राघो, नदी तुझ्यासारखी कुणाला ठाऊक नाय," पाटील म्हणाले. "तू बोट ठेवशील ते घेऊ."

एक मशीन आखूड दांड्याचं, रंग उडालेलं, खोकत खोकत चालणारं. दुसरं चकचकीत, आवाजाला गोड, पण दांडा लांबलचक आणि पंखा पार तळाशी. राघोनं एका नजरेत ओळखलं. होळी झाली की काळूचं पाणी उतरतं आणि होडीच्या वाटेवरचा कातळ पाण्याखाली जेमतेम हातभर उरतो. हा पंखा त्यावर आपटणार आणि मोडणार. मग बसा बोंबलत. मग येतील सगळे हात जोडत त्याच्या वल्ह्यापाशी.

"हे," त्यानं लांब दांड्यावर हात ठेवला.

नथू पुढे झाला. "काका, दांडा लांब नाय का होत आपल्या नदीला?"

"नदी तू बघितलीस का मी?"

नथू मागे सरला. दुकानदारानं बजावलं, गेलेला माल परत घेणार नाही. पाटील म्हणाले, परत कशाला येतोय, राघोनं निवडलंय. वाटेत आखूड मशीन घेऊन शेजारच्या शेणवे गावचे लोक पुढे गेले, तेव्हा राघोला इतकं बरं वाटलं की त्यानं नथूकडून विडीसुद्धा मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा गाव काठावर. मशीन होडीला चढलेलं, त्याला झेंडूची माळ. राघो लांब करंजाखाली उभा होता. तमाशा बघायला आलो, असं त्यानं स्वतःला सांगितलं होतं. तेवढ्यात सुंदरा ओवाळणीचं ताट घेऊन नथूला मागे टाकून सरळ त्याच्यापुढे आली आणि तिनं त्याला कुंकू लावलं.

"हे काय गो?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. बोलले ते पाटील.

"तुझा खांदा गेला ते काय गावाला दिसत नव्हतं, राघो? डाव्या हातानं ओढतोस, आमी बघत होतो. तुझं भात सगळ्यांनी बाजूला ठेवलं, विकलं, वर पदरचं घातलं. सुंदरा म्हणाली, आधी सांगू नका, तो नाय म्हणेल. नथू चार रोज शिकवील नि जाईल त्याच्या कामाला. होडी तुझी, मशीन तुझंच."

नथूनं चालू करायची दोरी राघोच्या हातात दिली. मागून बायका पोरांना कडेवर घेऊन होडीत चढू लागल्या. त्यातली एक जरा घाबरून थांबली, तशी पाटलांनी तिला हाताला धरून आत बसवलं.

"भिऊ नको गो," ते म्हणाले. "राघोनं स्वतः निवडलंय."