इरुणा म्हणजे

इरुणाच्या पत्राला रंगरावांनी उत्तर दिलंच नव्हतं. पत्र जुनं झालं, तिचा प्रश्न मात्र तसाच राहिला. 'काका, माझं नाव तुम्ही सुचवलंत. नर्सिंगच्या मुली अर्थ विचारतात आणि हसतात. काय सांगू?'

काय सांगणार? तिच्या बारशाच्या सकाळी तिचे वडील, शिरोळचे भीमाप्पा, धावतच वाचनालयात आले होते. 'इ'वरून नाव हवं होतं. "इंदिरा थोरल्या वैनीचं हाय. इंदू म्हशीचं हाय. पुस्तकातलं कायतरी द्या." तिथले ग्रंथपाल रंगराव गांगरले आणि त्यांच्या तोंडून 'इरुणा' निघून गेलं. ते कुठल्याच पुस्तकातलं नव्हतं. पत्र आल्यावर रंगरावांनी सगळे कोश पालथे घातले. आपण रचलेला शब्द चुकून तरी कुठे असेल म्हणून. नव्हता.

निवृत्तीनंतर एका दुपारी ते कोल्हापूरच्या स्टँडवर पेपर वाचत बसले होते. शेजारून आवाज आला, "इरुणा, चप्पल घाल की."

तीनेक वर्षांची पोर आणि तिची आजी खैरुनबी. कुरुंदवाडच्या गाडीला थांबलेल्या. रंगराव पेपराआड बराच वेळ घुटमळले. शेवटी विचारलंच, "हे नाव कुणातलं?"

"आमच्यातलं न्हाय पावणं, तुमच्यातलं बी न्हाय. आमच्या नर्सबाईचं हाय."

"शिरोळच्या भीमाप्पांची लेक?"

"व्हय, तीच. मोठ्या पुरात सून अडली. दारात पाणी, डॉक्टर पल्याड. ही बाई ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून आली. पोर तिच्याच हातावर झाली. गल्लीत आनखी दोन इरुणा हायत."

रंगरावांनी पेपर बाकावर ठेवला. "पण नावाचा अर्थ काय?"

म्हातारीनं त्यांच्या चष्म्याकडं बघितलं. "शिकल्यालं दिसताय की. अडल्या वक्ताला येती, ती इरुणा."

पेपर बाकावरच राहिला. रंगरावांनी जवळच्या पोस्टातून आंतर्देशीय पत्र घेतलं. पूर्ण पत्ता ठाऊक नव्हता. 'इरुणा, नर्सबाई, कुरुंदवाड' एवढंच लिहिलं. आत तीन ओळी.

'मी सुचवलं तेव्हा तुझ्या नावाला अर्थ नव्हता. आता आहे. कुरुंदवाडात कुणालाही विचार.'

पत्र पेटीत पडल्याचा आवाज ऐकून मगच ते घराकडे वळले.