मूठमाती

लातूर जिल्हा झाला, पण त्या साली पाऊस काही आला नाही. एका रविवारी धोंडप्पा आणि त्याचा जिवलग दोस्त गुरुपाद सायकली पायथ्याला लावून बालाघाटाचा डोंगर चढले. माथ्यावर पाण्यासाठी कुणीतरी खणून सोडून दिलेला कोरडा खड्डा होता.

गुरुपाद गंमत म्हणून आत उतरला. लिंगायतांच्या मयताला बसवतात तशी त्यानं मांडी घातली, डावा तळहात पुढं धरला आणि डोळे मिटले.

"घाल की माती!"

धोंडप्पानं हसत हसत मूठभर माती टाकली. माती टाकली की मागं वळून बघायचं नाही, ही रीत. तोही न बघता खाली उतरू लागला. मागून गुरुपादची पावलं वाजत आली, तेव्हा त्याला बरं वाटलं.

पायथ्याला गुरुपादनं सायकलीला टांगलेली पाण्याची छागल एका दमात रिकामी केली.

"एवढी तहान?"

"लई दिसांची हाय."

तेवढ्यात माथ्यावरून गुरुपादचीच रडवेली हाक आली, "धोंडप्पा, बास कर! माती गळ्यापर्यंत आली!"

शेजारच्या गुरुपादनं बाहीनं तोंड पुसलं.

"ओ देऊ नको," तो म्हणाला.